आधी दोन चेंडू अडवलेत, त्याबद्दल आभार

आदरणीय कपिल देवजी,
स. न. वि. वि.

हे पत्र सांगलीहून. विजय हजारेंचा जन्म इथला आणि स्मृती मानधना वाढली तीही इथेच. या गावात लेदर बॉलवर मुलं घडवताना तुमची कारकीर्द आमच्या रोज उपयोगी पडते. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते.

आमची खरी झुंज टेनिस बॉलशी आहे. सांगली-साताऱ्याकडे गावोगावी त्याच्या स्पर्धा होतात. टेनिस बॉल उंच उसळतो, बॅटपर्यंत येताना मंदावतो, त्यामुळे पाय न हलवता आडव्या बॅटने मारला तरी जातो. तोच मुलगा लेदर बॉलवर, गुड लेंग्थला, तोच फटका खेळतो आणि मिडल स्टंप गमावतो. त्याला ‘मारू नकोस’ म्हणून उपयोग नसतो. मारायचं कधी, हे दाखवावं लागतं.

त्यासाठी आम्ही लॉर्ड्सची १९९० ची कसोटी सांगतो. इंग्लंडच्या ४ बाद ६५३, फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरणं, टाळायला ४५४ हव्यात, आपले ९ बाद ४३० आणि दुसऱ्या टोकाला शेवटचा फलंदाज हिरवानी. एडी हेमिंग्जच्या षटकाचे पहिले दोन चेंडू तुम्ही अडवलेत, पुढचे चार समोर षटकार मारलेत. २४ हवे होते, २४ झाले. पुढच्याच षटकात फ्रेझरने हिरवानीला पायचीत केलं. मुलांना ते चार षटकार पाठ असतात. आम्ही त्यांना आधीचे दोन चेंडू विचारतो. ऑफस्पिनर, चेंडू टप्प्यात, अकराव्या फलंदाजावर भरवसा ठेवण्यासारखी स्थिती नाही: हा हिशेब डोक्यात असलेल्या माणसाचा तो हल्ला होता.

टनब्रिज वेल्सचंही तसंच. १८ जून १९८३, विश्वचषकात झिम्बाब्वेविरुद्ध ५ बाद १७. सगळे नाबाद १७५ बोलतात; आम्ही फळ्यावर भागीदाऱ्या लिहितो. बिन्नीबरोबर ६०, मदनलालबरोबर ६२, किरमाणीबरोबर अभेद्य १२६, आणि त्यात किरमाणीच्या २४. त्या दिवशी तुम्ही १३८ चेंडू खेळलात आणि नंतर ११ षटकं टाकून फक्त ३२ धावा दिल्यात. अष्टपैलू म्हणजे काय, हे त्या एका धावफलकात आहे.

नटराज शॉटबद्दल, म्हणजे एक पाय उचलून मारलेल्या तुमच्या पुलबद्दल, मात्र एक तक्रार आहे, प्रेमाची. डावा पाय उचललेला तुमचा फोटो बघून प्रत्येक मुलगा आधी पाय उचलतो. मग तोल मागे जातो आणि चेंडू बॅटच्या वरच्या कडेला लागून उडतो. तुमचा पाय वजन मागच्या पायावर गेल्यानंतर, शरीर वळताना उचलला जायचा. म्हणून आम्ही पहिले दोन आठवडे दोन्ही पाय जमिनीवर ठेवूनच पुल खेळायला लावतो. खांदे नीट वळायला लागले की पाय आपोआप उचलला जातो.

सगळ्यात जास्त ऋण आउटस्विंगचं, म्हणजे हवेत फलंदाजापासून बाहेर वळणाऱ्या चेंडूचं. सीम (चेंडूची शिवण) पहिल्या स्लिपकडे, तर्जनी आणि मधलं बोट सीमच्या दोन्ही बाजूंना, अंगठा खाली सीमवरच, चकाकी लेगच्या बाजूला. एवढं दहा मिनिटांत शिकवता येतं. बिघडतं ते मनगट. सोडताना ते कलंडलं की सीम डगमगते आणि चेंडू सरळ जातो. डावा खांदा लवकर उघडला तर चेंडू लेगला जातो. आम्ही अर्धा लाल, अर्धा पांढरा चेंडू देतो, म्हणजे सीम डगमगली की टाकणाऱ्यालाच दिसते. आधी उभ्याने, मग चार पावलांवरून, शेवटी पूर्ण रनअप.

इथे बराच सराव सिमेंटवर अंथरलेल्या मॅटिंगवर होतो. चेंडूची चकाकी काही षटकांतच जाते, म्हणून नवा चेंडू आम्ही फक्त स्विंगच्या सरावाला काढतो. स्पाइक्स मॅटिंग फाडतात, त्यामुळे रबरी तळवा, आणि सिमेंटवर आदळून नडगी दुखते. अशा ठिकाणी तुमची साइड-ऑन शैली, म्हणजे फलंदाजाकडे बाजू करून चेंडू टाकणं, मुलांना वाचवते, पण ती पूर्ण घेतली तरच. मागचा पाय क्रीझला समांतर आणि खांदे मात्र समोर उघडलेले, अशी अर्धी नक्कल झाली की कंबरेला पीळ बसतो आणि मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका वाढतो. पंधरा वर्षांखालच्या मुलाला आम्ही सलग सहा षटकांपुढे टाकू देत नाही, बळी मिळत असले तरीही. पालक रागावतात. मग आम्ही तुमचा हिशेब काढतो: १९७८ ते १९९४, १३१ कसोटी, ४३४ बळी, ५,२४८ धावा, आणि दुखापतीमुळे एकही कसोटी चुकली नाही. कसोटीत ५,००० धावा आणि ४०० बळी ही जोडी अजून एकट्या तुमच्या नावावर आहे, कारण तुम्ही इतकी वर्षं मैदानावर उभे राहिलात.

एक कसोटी हुकली, तीही सांगतो. १९८४ मध्ये दिल्लीत मोठा फटका मारून बाद झालात आणि कलकत्त्याला वगळले गेलात. पंधरा वर्षांच्या मुलाला हे कळलं की त्याचा स्वतःचा वाईट फटका त्याला जरा सोसवतो.

आणि १८४ कसोटी डावांत तुम्ही एकदाही धावबाद झाला नाहीत. यावर आमचा दर शनिवारचा अर्धा तास जातो: बॅट क्रीझच्या आधीच जमिनीला टेकवून घासत न्यायची, वळताना तोंड चेंडूकडे, त्यासाठी गरज पडली तर बॅटचा हात बदलायचा, आणि हाक एकदाच, मोठ्याने. फटके मारणाऱ्या मुलांना हा सराव कंटाळवाणा वाटतो. तुमचं नाव घेतलं की निमूट धावतात.

मनापासून आभार.

आपले नम्र,
सांगलीत मुलांना क्रिकेट शिकवणारे आम्ही