तिच्या वजनावर बोलणं आधी बंद कर

अरे राजा,

काल फोनवर तू तुझ्या गरोदर बायकोबद्दल म्हणालास ना, "आई, तूच सांग आता तिला, सहा महिन्यांत सहा किलो वाढलीये, त्यात बीपी निघालं, तोंडावर जरा कंट्रोल नको का", तेव्हा मी गप्प बसले कारण तुझ्या मागे कप आदळल्याचा आवाज आला आणि मग दार लागल्याचा. ती तिथेच होती आणि तिने ऐकलं. तुला तिथल्या तिथे झापणार होते, पण तिच्यासमोर सासूने नवऱ्याला झापलेलं तिलाच अवघड झालं असतं, म्हणून फोन ठेवला. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, झोप काही येत नाहीये, म्हणून टाईप करत बसलेय. लांबणार आहे, ऑफिसच्या मीटिंगमध्ये चोरून वाचू नकोस, घरी निवांत वाच.

आधी हिशोबच करू, तुला आकडे आवडतात ना. ती 158 सेंटिमीटर, दिवस राहायच्या आधी 78 किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 31 च्या थोडा वर. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 मध्ये दिलेले आकडे अजूनही बरेच डॉक्टर वापरतात, त्यात 30 च्या पुढे बीएमआय असेल तर पूर्ण नऊ महिन्यांत 5 ते 9 किलो आणि नॉर्मल वजनाच्या बाईला साडेअकरा ते 16. तिचं 26 व्या आठवड्यात सहा झालंय. जरा लवकर झालंय, ठीक आहे, पण ही काय बोंब मारायची गोष्ट आहे का? आणि ते सहा किलो म्हणजे सहा किलो चरबी नाही रे, त्यात बाळ आहे, वार आहे, पाणी आहे, वाढलेलं गर्भाशय आहे, अंगात जास्तीचं रक्त तयार झालंय ते आहे. हे सगळं तिने वजनकाट्यावरून उतरताना काढून बाजूला ठेवायचं का?

वजनाचा काही संबंधच नाही असंही मी म्हणत नाहीये हं, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. वजन जास्त असलं की गरोदरपणात बीपी वाढायची शक्यता वाढते, शुगर वाढायची वाढते, पायात रक्ताची गाठ व्हायची वाढते, सिझेरियनची वाढते, सोनोग्राफीतसुद्धा बाळ नीट दिसायला वेळ लागतो. पण हे सगळं ठरलं ते आधीच्या वजनावर, आणि आता या घडीला डाएट करून ते उतरवायचं नसतं. पोटात बाळ असताना उपाशी राहून वजन कमी करणं हा इलाजच नाही. दोन जिवांचं खा म्हणतात तेही खरं नाही, पहिल्या तीन महिन्यांत तर जास्तीचं काहीच लागत नाही, मधल्या तीन महिन्यांत रोजच्या साधारण 340 कॅलरी जास्त आणि शेवटी 450, म्हणजे एक छोटं खाणं वाढलं एवढंच. डॉक्टर हो म्हणाल्या असतील तर रोज अर्धा तास चालायला जा, आठवड्यातले पाच दिवस. "जा" म्हणजे तूही जा. तुझं स्वतःचं पोट कुठलंही बाळ नसताना सातव्या महिन्याचं दिसतं, हे मी आजवर कधी बोलले नव्हते.

आता जे सांगायला बसले ते. तुझ्या वेळी मी 47 किलोची होते. काडी. कोणी मला कमी खा म्हणालं नाही, उलट 30 व्या आठवड्यात चेहरा सुजायला लागला, बोटं सुजली, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, म्हणे आत्ता कुठे अंग धरलं, बाळंतपणाचं तेज आलं. पंधरवड्यात पाच किलो वाढले मी आणि घरात कौतुक. लग्नातली अंगठी बोटात रुतली, साबण लावला, दोरा गुंडाळून ओढली, निघेना, शेवटी कापून काढली, तिचे दोन तुकडे अजून माझ्या डबीत आहेत, तू लहानपणी विचारायचास ना हे तुटकं कशाला ठेवलंस. तर ते पाणी होतं रे सगळं. खाण्याचा आणि त्या पाच किलोंचा काडीचा संबंध नव्हता. म्हणूनच काल तू म्हणालास ना "वजन वाढलं म्हणजे खातेय", ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण उद्या तिचं वजन चार दिवसांत एकदम वाढलं तर तू तिचं ताट मोजत बसशील आणि खरा आजार डोळ्यासमोरून निघून जाईल.

मग डोकं दुखायला लागलं. तुझ्या बाबांनी बाम चोळला. बरगडीच्या खाली उजवीकडे दुखायला लागलं, सगळे म्हणाले पित्त आहे. तिसऱ्या दिवशी डोळ्यासमोर काजवे चमकायला लागले तेव्हा नेलं मला. तिथल्या सिस्टरने बीपी घेतलं, परत घेतलं, मग दुसरी सिस्टर बोलावली, 170/110. मला अजून आठवतं, लघवी काचेच्या नळीत घेतली आणि वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवला, तर ती डोळ्यांदेखत पांढरी झाली, अंडं शिजताना त्यातलं पांढरं कसं घट्ट होतं तशी. प्रोटीन. किडनीतून गळत होतं. मग मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं, झटके येऊ नयेत म्हणून, दोन्ही कुल्ल्यांत खोलवर, दर चार तासांनी, शिरेतून दिलं तेव्हा तर अंगात कोणी गरम पाणी ओततंय असं वाटलं, आणि दर वेळी आधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचे, कारण ते औषध जास्त झालं तर आधी ती उडी जाते आणि मग श्वास. पुढे 2002 मध्ये त्या औषधाची मोठी ट्रायल झाली, 33 देशांतल्या दहा हजारांवर बायका, झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तू 33 व्या आठवड्यात आलास, एक किलो सहाशे ग्रॅम. त्या आजारावर, प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात त्याला, औषध नाही, बीपी धरून ठेवतात, झटके टाळतात, पण बरा होतो तो बाळ आणि वार बाहेर आल्यावरच.

हे तुला आधी कधी एवढं सांगितलं नाही कारण सांगायची वेळ आली नाही. आता मुद्दा ऐक. डॉक्टरांनी हिस्ट्री घेताना तिला विचारलं असेल ना, तुझ्या आईला किंवा बहिणीला गरोदरपणात बीपी होतं का. ती नाही म्हणाली असेल. पण नवऱ्याच्या आईला होतं का, हे कोणी विचारलं? अमेरिकेत युटामधला एक अभ्यास 2001 मध्ये छापून आला होता, त्यात असं निघालं की ज्या पुरुषाच्या स्वतःच्या जन्माच्या वेळी आईला हा आजार होता त्याच्या बायकोला तो होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट. विचित्र वाटतं ना ऐकायला. पण वार ही बाळाची असते, आणि बाळात निम्मे जीन्स बापाचे. हा आजार सुरूच होतो वारेपासून, ती गर्भाशयात नीट रुजत नाही, आईच्या ज्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात त्या अरुंदच राहतात, मग वारेतून आईच्या रक्तात असलं काहीतरी सुटतं की सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, बीपी चढतं, किडनी गळते, लिव्हर दुखतं. तेव्हा तू तिच्या वजनाकडे बोट दाखवतोस ना, तर एक बोट तुझ्याकडे आहे आणि एक माझ्याकडे. पुढच्या तपासणीला तू स्वतः आत जा आणि डॉक्टरांना सांग, माझ्या आईला होतं, मी 33 व्या आठवड्याचा आहे.

तिचं आत्ता जे निघालंय ते 142/92, चार तासांनी परत 140/90, लघवी साफ. 20 आठवड्यांच्या नंतर पहिल्यांदा 140/90 किंवा त्याच्या वर गेलं म्हणजे गरोदरपणातलं बीपी, त्यात प्रोटीन आलं किंवा प्लेटलेट, लिव्हर, किडनीत गडबड निघाली की मग प्रीएक्लॅम्पसिया. म्हणजे आज ती उंबऱ्यावर आहे, आत गेलेली नाही, आणि गेलीच तर लवकर कळलं पाहिजे एवढंच आपल्या हातात आहे. तिला डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यापासून रात्रीची ॲस्पिरिन 150 मिलिग्रॅम दिलीये, आणि तू मागे म्हणालास ना रक्त पातळ करायची गोळी कशाला, बंद कर, ती बंद करायची नाही. 2017 मध्ये या गोळीची ट्रायल आली, धोका जास्त असलेल्या बायकांमध्ये 37 आठवड्यांच्या आधी होणारा प्रीएक्लॅम्पसिया साठ टक्क्यांहून जास्त कमी झाला होता. माझ्या वेळी ही गोळी कोणी दिली असती तर, असो. साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत चालते, कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील.

बीपीची गोळी लॅबेटालॉल सुरू केलीये ते बरोबर आहे. तुझे बाबा काल मागून ओरडत होते, "माझीच बीपीची गोळी दे तिला, मला मस्त सूट झालीये", तर त्यांची टेल्मिसार्टन गरोदर बाईला चुकूनही द्यायची नाही, बाळाच्या किडनीला मार बसतो, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्याही नाहीत. आणि डोकं दुखलं म्हणून घरातल्या डब्यातली कुठलीही पेनकिलर नको. मीठ पूर्ण बंद, दिवसभर पलंगावर झोपून राहा, असले सल्ले येतील, त्याने हा आजार टळत नाही, झोपवून ठेवलं तर उलट रक्ताच्या गाठीचं भय.

आता बीपीचं मशीन. तू फोटो पाठवलास, त्यातला कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, तिच्या दंडावर कसाबसा बसलाय, टोक वेल्क्रोच्या पार कडेला आलंय. टेप घे आणि तिच्या दंडाचा मधला घेर मोज. बऱ्याच मशीनसोबत येतो तो कफ 22 ते 32 सेंटिमीटरचा असतो, त्याच्या वर घेर असेल तर मोठा कफ वेगळा मागवावा लागतो, लहान कफने आकडा खोटाच जास्त येतो. पण मोठा कफ येईपर्यंत जो आकडा येईल तो खराच धरायचा, "मशीनच खराब आहे" म्हणून झोपायचं नाही. मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसू दे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मोजताना तू बडबड करायची नाही, खास करून वजनावर. सकाळ संध्याकाळ वहीत लिही. 140/90 च्या वर राहायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. 160/110 आलं तर थोड्या वेळाने एकदा परत मोज, तेवढंच आलं तर फोनाफोनी करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आणि आकडा चांगला असला तरी न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यासमोर चमकणं किंवा धूसर दिसणं, बरगडीखाली दुखणं, एकदम चेहरा हात सुजणं, दम लागणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर बाम नाही, पित्ताची गोळी नाही, गाडी काढायची.

बाळंत झाली म्हणजे सुटलो असंही नाही, तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सगळ्यात वर जातं, नेमकं तेव्हाच घरी पाठवलेलं असतं आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. मशीन तेव्हाही हाताशी ठेव, दीड महिना तरी. मला तर पुढचं कोणी बोललंच नव्हतं, 44 व्या वर्षी बीपीच्या गोळ्या लागल्या तेव्हा कळलं की ज्यांना हे होऊन गेलं त्यांना पुढे हार्टचा त्रास व्हायची शक्यता साधारण दुप्पट असते.

काल रात्री तिला मेसेज केला, नुसतं "झोपलीस का" एवढंच. तिने लिहिलं, "आई, मी खरंच फार खात नाही हो." ते वाचून काय वाटलं ते तुला नाही सांगत.

उद्या सकाळी तिला सॉरी म्हण, कारण सांगत बसू नकोस. मग टेपने दंड मोज आणि मला घेर कळव, कफ मी मागवते. आणि हो, एकदा तुझाही बीपी मोजून पाठव, माझ्यासारख्या आईच्या पोटी आलेल्या मुलांचं थोडं वरच असतं म्हणे.

आई