पौर्णिमा किती वाजता लागते, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

४ डिसेंबरला, गुरुवारी, दत्तजयंती होती. आपल्या अंकात पहिल्या पानावर दत्तमहाराजांचं रंगीत चित्र होतं आणि आतल्या पानावर पंचांगाच्या ओळीत छापलं होतं, ‘मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी’. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ‘वद्य प्रतिपदा’. म्हणजे दत्तजयंती झाली, पण पौर्णिमा काही आली नाही! आमच्याकडे बडोद्यात आपला अंक हातात पडेपर्यंत सकाळचे नऊ वाजतात. त्या दिवशी पौर्णिमा ८.३७ ला लागली होती. मी चहा घेत चतुर्दशी वाचत होतो आणि बाहेर पौर्णिमा लागून वीस-पंचवीस मिनिटं झाली होती.

छापलेलं चूक नव्हतं, हे मला कळतं. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा पंचांगाचा रिवाज. ४ तारखेला सूर्योदयाला चतुर्दशी होती. पौर्णिमा लागली उजाडल्यावर आणि संपली दुसऱ्या दिवशी पहाटे ४.४३ ला, सूर्य उगवायच्या आत. दोन सूर्योदयांच्या मधल्या फटीतून निसटली बिचारी. क्षयतिथी म्हणतात ती हीच. पण हे सगळं ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्याला आपली ती एक ओळ लागतच नाही, आणि ज्याला लागते त्याला ती फसवते.

मी ज्योतिषी नाही. बँकेत कॅशियर होतो, निवृत्त झालो. माझा संबंध पौर्णिमेशी येतो तो खांद्यापुरता. रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आमचं लहानसं दत्तमंदिर आहे आणि दर पौर्णिमेला तिथून पालखी निघते. पुढची उजवी बाजू माझी. एकविसाव्या वर्षी वडिलांनी दिली, आता सदुसष्टावं चालू आहे. बडोद्याबाहेरच्या वाचकांनी पालखी म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नये. चार भोई, एक अब्दागीर, दोन चवऱ्या, टाळकरी असतील तितके. पितळी पादुका लाल गादीवर. देवळाभोवती दोन प्रदक्षिणा आणि तिसरी जरा लांबून, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत. प्रत्येक वळणावर पालखी थांबते, एक पद होतं, मग पुढे. रस्त्यात लावलेल्या स्कूटर बाजूला करायला एक मुलगा पुढे धावतो. हल्ली त्याचंच काम सगळ्यांत जड आहे. शेवटी आरती, सुंठवडा आणि ओटल्यावर तासभर गप्पा. गप्पा मराठीत सुरू होतात आणि केव्हा गुजरातीत जातात ते कुणाला कळत नाही.

माझ्या लहानपणी पालखी कधी उचलायची हे कुणी पेपरात बघत नव्हतं. देवळासमोर वाडा होता, कौलारू. संध्याकाळी चंद्र त्या कौलांवर आला की गुरुजी शंख फुंकायचे. आम्ही पोरं पायरीवर बसून कौलांकडे बघत असू, आणि ज्याला आधी दिसेल तो ओरडायचा. वाडा गेला, तिथे पाच मजली फ्लॅट आले. आता चंद्र आम्हाला दिसतो तो रात्री साडेआठ-नऊनंतर, पाण्याच्या टाकीच्या मागून. तोवर गुडघे दुखणारी मंडळी घरी जाऊन जेवलेलीसुद्धा असतात. म्हणून मग घड्याळ आलं, पंचांग आलं आणि आपला पेपर आला.

नियम असा, की दिवेलागणीला पौर्णिमा असेल त्या दिवशी पालखी. सूर्योदयाचा इथे संबंध नाही, कारण पालखी चंद्राची सोबत धरून निघते. आता २०२५ चं बघा. मार्च, जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत आमची पालखी आपल्या छापील पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी निघाली. डिसेंबरची तर छापीलच नव्हती. मार्चमध्ये १३ तारखेला सकाळी साडेदहानंतर पौर्णिमा लागली आणि १४ ला दुपारी सव्वाबारा वाजून गेल्यावर संपली. त्या संध्याकाळी होळी होती म्हणून कुणी चुकलं नाही. भद्रा, म्हणजे होळी पेटवायला वर्ज्य मानलेली वेळ, रात्री साडेअकराच्या सुमारास संपणार होती, त्यामुळे आधी पालखी, मग जेवण, मग होळी असा निवांत कार्यक्रम झाला. सण बरोबर असला की पालखी आपोआप सापडते. साध्या पौर्णिमेला मात्र पेपराशिवाय आधार नाही.

ऑगस्टला उलटं झालं, सणानंच घात केला. आमच्या एक मावशी आहेत. साऱ्या गल्लीच्याच मावशी, वय ऐंशीच्या पुढे. त्यांचं घर देवळासमोरच्या त्या वाड्यातच होतं. वाडा पाडल्यावर मुलाबरोबर मांजलपूरला राहायला गेल्या. आपला पेपर भिंग घेऊन वाचतात, छोट्या जाहिरातींसकट. महिन्यातून एकदा रिक्षा करून पालखीला येतात. प्रदक्षिणेत चालणं होत नाही, म्हणून खुर्ची टाकून ओटल्याशी बसतात आणि पालखी समोर आली की माझ्या हातात गुलाबाची एक पुडी देतात, पादुकांवर घालायला. त्या महिन्यात पौर्णिमा ८ तारखेला दुपारी सव्वादोनच्या आसपास लागली आणि ९ ला दुपारी दीडच्या आत संपली. आपल्या अंकात पौर्णिमा ९ ला, रक्षाबंधनही ९ ला. मावशींनी बेत केला, शनिवारी दांडिया बाजारात भावाला राखी बांधायची आणि तिथून तसंच पालखीला यायचं. सहा वाजता पावसात भिजत आल्या. देऊळ उघडं होतं, पण पालखी कोपऱ्यात कापड घालून ठेवलेली. आम्ही तर शुक्रवारी प्लॅस्टिक पांघरून ती फिरवून आणली होती.

मला निरोप आला, मी गेलो. मावशी काही बोलल्या नाहीत. पर्समधून पेपराची घडी काढली आणि बोट ठेवून दाखवलं, ‘पौर्णिमा’. मी समजावून सांगायला लागलो, उदयतिथी वगैरे. त्या म्हणाल्या, “अरे, मला पालखीची पौर्णिमा हवी, सूर्याची घेऊन मी काय करू?” गुलाबाची पुडी गुरुजींनी पादुकांवर वाहिली. पण कापडाखालच्या पालखीला त्यांनी हात लावला आणि निघून गेल्या, ते मला नीट वाटलं नाही. अजून वाटत नाही.

घोळ आमच्याकडेही होतात, नाही असं नाही. २०२४ च्या कोजागिरीला तर नियमच उपयोगी पडेना. पौर्णिमा १६ ऑक्टोबरला रात्री ८.४० ला लागणार आणि १७ ला संध्याकाळी पाचच्या आत संपणार. एकाही दिवेलागणीला पौर्णिमा नाही! दोन तट पडले. एक म्हणाले सतराला काढा, दिवसभर तर होती. दुसरे म्हणाले, गेलेल्या तिथीची पालखी कशी काढायची? गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, सोळाला रात्री ८.४० वाजले की उचलायची. तोवर गच्चीवर दूध आटत होतं. माझ्या मागचा भोई केशर कमी पडलं म्हणून वर गेला, आणि वेळ झाली तरी खाली येईना. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या एका गुजराती तरुणानं त्याची बाजू उचलली. तेव्हापासून तो आमच्यात आहे. एरवी आमच्यात तरुण कोण येतंय!

माझा शेजारी दर पुनमेला डाकोरला जातो. गुजरातीत त्याला ‘पूनम भरवी’ म्हणतात. एक चुकली की मोजणी तुटते. तो मला नेहमी चिडवतो. डाकोरचं रणछोडरायांचं आताचं मंदिर १७७२ साली बांधलं ते गोपाळ जगन्नाथ तांबवेकर या मराठी सावकारानं. “देऊळ बांधून दिलंत, पण पूनम कधी ते तुम्हाला कळत नाही,” असं त्याचं म्हणणं. मावशींचा प्रकार झाल्यावर त्यानं विचारलं, “तमारा पेपरमां टाइम नथी आपता?” त्याच्या घरच्या गुजराती पंचांगात तिथी लागण्या-सुटण्याची वेळ मिनिटासकट असते. मी गप्प बसलो.

यात गूढ काही नाही. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे गेला की एक तिथी सरते. चंद्राची चाल मात्र एकसारखी नसते. पृथ्वीच्या जवळ असला की भरभर जातो, लांब असला की रेंगाळतो. म्हणून तिथी कधी एकोणीस तासांची, कधी सव्वीस तासांची. मार्चची पौर्णिमा जवळजवळ सव्वीस तास चालली, डिसेंबरची जेमतेम वीस. डिसेंबरात चंद्र अगदी जवळ आला होता. सुपरमून म्हणून त्याची बातमी सगळीकडे झाली. त्याच कारणानं त्याची तिथी सूर्योदय न बघता पळाली, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही.

माझी विनंती एवढीच आहे. तिथीपुढे ती किती वाजेपर्यंत आहे तो आकडा छापावा, आणि सूर्यास्ताला दुसरी तिथी असेल तर तिचंही नाव द्यावं. ‘चतुर्दशी स. ८.३७ प., नंतर पौर्णिमा’, बस. जागा नाही असं म्हणू नये. राशिभविष्याच्या बारा चौकोनांतून एक ओळ काढली तरी भागेल. कर्क राशीला रोज ‘प्रवास टाळा’ लिहिलेलं असतं. मी कर्क राशीचा आहे आणि दर पौर्णिमेला तीन प्रदक्षिणांचा प्रवास करतो.

जानेवारीचंच घ्या. पौष पौर्णिमा २ तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी सातला थोडा वेळ असताना लागते आणि ३ तारखेला दुपारी साडेतीनला संपते. आपल्या अंकात ती ३ तारखेलाच येणार, हे मला आत्ताच दिसतंय. पालखी शुक्रवारी सात वाजता उचलायची, असं गुरुजींनी फळ्यावर लिहून टाकलं आहे. मांजलपूरला फोन करून मीही कळवलं. मावशींनी तारीख दोनदा विचारून घेतली आणि मग म्हणाल्या, “पेपरात काय येतंय ते बघते आणि तुला सांगते.”

आपला,
पालखीचा एक भोई,
रावपुरा, बडोदे