केसपेपरमधला ‘नाही’

महोदय,

रुग्णालयातील नोंदींवरून समाजाचे मानसिक आरोग्य जोखता येईल, असे हल्ली आपल्याकडेही ऐकू येते. दक्षिण लंडनमधील मॉड्स्ली या मनोरुग्णालयाच्या आरोग्य ट्रस्टने २००८च्या सुमारास अशी यंत्रणा उभारली. तिथे रुग्णाच्या नावाजागी ‘झेड’ अक्षरांची ओळ बसते, मगच मजकूर संशोधकांपुढे येतो. निदानाच्या रकान्यात फारसे हाती लागत नाही. झोप, व्यसन, मरणाचे विचार हे डॉक्टरांनी लिहिलेल्या मोकळ्या मजकुरातच सापडते.

हा मजकूर संगणकाने शब्द शोधत वाचायचा, तर मेख आहे ती नकारात. ‘आत्महत्येचे विचार नाहीत’ या नोंदीतला पहिला शब्द मोजला की आकडा फुगतो. इंग्रजीत नकार बहुधा आधी येतो, मराठीत शेवटी. तिकडचे नकार ओळखण्याचे नियम जसेच्या तसे इथे चालणार नाहीत. ‘भावाने फास घेतला होता’ हेही रुग्णाच्याच खाती चढते. उलट ‘जीव नकोसा झालाय’ यात आत्महत्या हा शब्दच नाही, म्हणून ते सुटते!

त्यामुळे आधी पाचेकशे नोंदींवर दोन जाणकारांनी, एकमेकांचे न पाहता, खुणा कराव्यात. मतभेद मिटवून त्या खुणांशी संगणकाचे उत्तर ताडावे. हे दुसऱ्या रुग्णालयाच्या नोंदींवर पुन्हा करावे, कारण लिहिण्याची ढब बदलते. गावनिहाय आकडे छापू नयेत. लहान गावात ‘दोन रुग्ण’ म्हणजे नावे सांगितल्यासारखेच. आणि तालुक्यात नवा मानसोपचारतज्ज्ञ रुजू झाला की नोंदी वाढतात, आजार नव्हे.

— वैद्यकीय नोंदींवर काम करणारे काही वाचक