रजिस्टर रद्दीत, प्रबंध कपाटात

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या अंकात ‘काळाचा घाला’ हा मथळा अधूनमधून येतोच. अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळते, एका घरातली दोन माणसे जातात आणि सगळा दोष काळाच्या खाती जमा होतो. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत असते किंवा नसतेच. जो वाचतो त्याचे ‘दैव बलवत्तर’ असते. हेल्मेटचा पट्टा लावला होता का, हे वार्ताहर विचारत नाही.

तक्रार करतो आहे खरा, पण या पापात मीही वाटेकरी आहे. सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी 26 वर्षे एमएलसी रजिस्टर, म्हणजे पोलिसांना कळवायच्या रुग्णांची नोंदवही, भरले. जाड पुठ्ठ्याचे, लाल कापडी पाठीचे रजिस्टर. नाव, वय, गाव, कोणी आणले, ओळखीची खूण, जखमांचे वर्णन, आणि ‘कसे घडले’ याला जेमतेम दीड इंच जागा. त्या दीड इंचात मावेल तेवढेच सत्य आम्ही लिहायचो. ‘आरटीए’, म्हणजे रस्त्यावरचा अपघात. ‘घरात पाय घसरून पडली’. ‘स्टोव्हचा भडका’.

यातला तिसरा शेरा अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात तो माझ्या हातून किती वेळा लिहिला गेला, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. बाई बावीस-तेवीस वर्षांची. नायलॉनची साडी अंगाला चिकटलेली. सासू कॉटच्या उशाशी उभी. मी विचारायचो, “कसं झालं बाई?” ती आधी सासूकडे बघायची, मग म्हणायची, “स्टोव्ह भडकला.” मी लिहून घ्यायचो. नायब तहसीलदार मृत्युपूर्व जबाबाला यायचे, रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत असल्याचा शेरा मी द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तेच, ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’. तोच स्टोव्ह त्या घरात सासूही पेटवते, नणंदही पेटवते, मग तो सुनेच्याच हातात कसा भडकतो, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. मोठ्याने विचारला मात्र नाही.

एका रजिस्टरातून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, त्याला बेरीज लागते. ती बेरीज 2009 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. 2001 या एका वर्षात भारतात भाजून सुमारे 1 लाख 63 हजार माणसे दगावली, त्यांत सुमारे 1 लाख 6 हजार स्त्रिया, बहुतेक 15 ते 34 वयाच्या, असा संशोधकांचा अंदाज होता. पोलिसांच्या आकड्याच्या हा सहापट. निबंध वाचताना मला आमचा जळीत कक्ष आठवला. माझ्यासारख्या शेकडो डॉक्टरांनी आपापल्या दीड इंचात लिहिलेली ओळ कोणीतरी एकाखाली एक मांडली असती, तर हे वीस वर्षे आधी दिसले असते. हा निबंध येईपर्यंत निदान मुंबईत, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात, आरोग्यावर संशोधन करणारी ‘सेहत’ संस्था आणि महापालिकेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केले होते. घरातल्या मारहाणीने आलेल्या बाईला एकटीला बाजूला घेऊन विचारायचे असते, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवले गेले. आम्हाला कोणी शिकवले नाही. आम्हीही शिकायला गेलो नाही.

वेल्समधल्या कार्डिफ शहरात जबड्याचे सर्जन असलेल्या जोनाथन शेफर्ड यांना असेच काहीतरी खटकले. मारामारीत जबडा फुटून आलेल्या पुष्कळांची पोलिसांकडे नोंदच नसायची. मग रुग्णालयाच्या खिडकीवरच्या कारकुनाने चार गोष्टी विचारायला सुरुवात केली : कुठे झाले, कधी, कशाने मारले, कोणत्या दारूच्या गुत्त्यात. रुग्णाचे नाव वगळून ही माहिती दर महिन्याला पोलीस आणि नगरपालिकेकडे जाऊ लागली. तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये हिंसेने जखमी होऊन दाखल होणारे 42 टक्क्यांनी कमी झाले आणि हा हिशोब 2011 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. छापून आला म्हणून इतर शहरांनी तो उचलला. एका शहरातच राहिला असता, तर ती एका सर्जनची हौस ठरली असती.

याच ‘बीएमजे’ने जून 2001 मध्ये ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द आपल्या पानांतून हद्दपार केला. कारण साधे होते. बहुतेक इजा आधी कळण्यासारख्या आणि टाळता येण्यासारख्या असतात, आणि ॲक्सिडेंट म्हटले की ते आपल्या हातातले नव्हते असा समज होतो. आपल्या ‘अपघात’मध्ये निदान ‘घात’ तरी आहे! पण पोलीस ठाण्यात आजही लिहिले जाते ते ‘अकस्मात मृत्यूची नोंद’. विहिरीला कठडा नाही, पोर पडते. अकस्मात. विजेची तार वर्षभर लोंबकळते, म्हैस आणि मालक दोघे जातात. तेही अकस्मातच.

आता कडबा कुट्टीचे सांगतो. आमच्याकडे दूध-दुभत्याची गावे, घरोघरी जनावरांची वैरण बारीक कापायचे कुट्टी यंत्र. एकदा दिवाळीच्या सुट्टीत एक बाप आठ-नऊ वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन आला. मुलाच्या हाताला टॉवेल गुंडाळलेला आणि बापाच्या मुठीत दुधाची रिकामी पिशवी. पिशवीत दोन बोटे होती. बाप मला सारखे सांगत होता, “साहेब, यंत्र बंद होतं. कोणी कुट्टी करत नव्हतं.” मी त्याच्यावर ओरडलो की पोराकडे लक्ष द्यायला काय झाले होते. पुढे कितीतरी वर्षांनी वाचले, दिल्ली आयआयटीचे दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत कुट्टी यंत्रांच्या जखमांचा अभ्यास करून 1992 मध्ये निबंध छापला होता. मुले मोकळ्या यंत्राच्या चाकाशी खेळतात, हे त्यांनी ओळखले. ‘मुलांना सांभाळा’ एवढेच सांगून ते थांबले नाहीत. काम नसताना चाक अडकवून ठेवायची सोय, पात्यांवर आडोसा, हात आत जाण्याआधी जाणवेल असा इशारा देणारा रूळ, अशा स्वस्त दुरुस्त्या त्यांनी सुचवल्या. बाप खरे सांगत होता, आणि त्या यंत्राला एक कडी हवी होती. हा निबंध इंग्रजी नियतकालिकात होता. आमच्या तालुक्याच्या लोहाराकडे तो कसा पोचणार?

प्रसिद्ध होणे म्हणजे नुसते यश मिरवणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये दारूच्या ग्लासांनी होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी कडक काचेचे ग्लास वापरून पाहिले, तर ते हाताळणाऱ्या नोकरांना जखमा उलट जास्त झाल्या. शेफर्ड यांच्याच चमूने ते 2000 मध्ये ‘इंज्युरी प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकात जसेच्या तसे छापले. आपल्याकडे फसलेला प्रयोग कोण छापतो? बढतीला शोधनिबंध मोजतात, म्हणून ‘सात दिवसांत छापून देतो’ अशा ईमेली येतात आणि पैसे भरून काहीही छापून होते. चांगल्या जागी खुला, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येईल असा, लेख द्यायचा तर फी लाखाच्या घरात. ती माफ करून मागता येते, पण अर्ज कसा करायचा हे तालुक्यातल्या डॉक्टरला कोण सांगणार? ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेने 2025 पासून सरकारी संस्थांत अशी नियतकालिके वाचायची सोय झाली, ते चांगलेच झाले. लिहिणाऱ्याची सोय अजून व्हायची आहे.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक एमडीची विद्यार्थिनी आमच्याकडे आली. तोंडाला रुमाल बांधून रेकॉर्ड रूममध्ये स्टुलावर बसायची आणि जुन्या रजिस्टरांतल्या जखमा मोजायची, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. एका फाट्याचे नाव इतक्या वेळा आले की त्यासाठी तिने वेगळे पानच केले. पुढे प्रबंध झाला, काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरे. तिचे मार्गदर्शक ‘पेपर काढू’ म्हणाले आणि त्यांची बदली झाली. दर वर्षी राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत असे कितीतरी प्रबंध लिहिले जातात आणि पुष्कळसे ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात राहतात. प्रत्येक प्रबंधाचा दोन पानांचा मराठी गोषवारा महाविद्यालयाने जाहीर करावा, आणि आपल्यासारख्या दैनिकांनी ‘काळाचा घाला’ची जागा त्याला द्यावी, एवढीच विनंती आहे. वार्ताहराला फार शोधावे लागणार नाही, तो रोज कॅज्युअल्टीच्या दारात उभा असतोच.

मध्यंतरी जुन्या रुग्णालयात गेलो होतो. तिने मोजलेली रजिस्टरे निर्लेखित होऊन रद्दीत गेल्याचे कारकुनाने सांगितले. त्या फाट्यावर मात्र गतिरोधक नाही, दिवाही नाही. विद्यार्थिनी आता परगावी प्रॅक्टिस करते. तिला फोन करून प्रबंधाची फाईल आहे का विचारले, तर “जुन्या लॅपटॉपमध्ये असेल सर, बघते,” म्हणाली. सापडली तर आपल्याकडे पाठवतो. निदान त्या फाट्याचे पान छापा.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये)