चि. मनूस, लंडनला

पुणे, बुधवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू रिपोर्टचं सांगितलंस आणि लगेच बाबांच्या गुडघ्यावर घसरलीस. ड जीवनसत्त्व कमी आहे, दमायला होतं, गोळ्या दिल्यात, विषय संपला. मीही फोनवर काही बोलले नाही. रिपोर्टची मला तेवढी धास्ती नाही. तिकडे डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तुमची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएसच, थंडीत सगळ्यांना रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायचा विचार करा म्हणून सांगते. ते येईल भरून. पण मनू, तुझ्या पाठीमागचा पडदा ओढलेला होता. तुझ्याकडे सकाळचे अकरा वाजले होते.

हे लिहायचं नाही असं ठरवूनच कागद पुढे ओढला होता. मला तुझ्या शहराबद्दल लिहायचंय. दिवाळीत तू म्हणालीस, "आई, काम घरून, जेवण दारात येतं. लंडन काय नि वाकड काय, सारखंच." तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आजोबा बेचाळीसच्या चळवळीत येरवड्यात होते. आणि तेच आजोबा पुढे रोज रात्री न चुकता बीबीसी लावायचे. राज्य गेलं, आता त्यांच्यातलं चांगलं ते घ्यायला आडकाठी कसली, असं म्हणायचे. नंदामावशी त्यावर वाद घालायची, अजूनही घालते. १९७१ मध्ये ओव्हलचा सामना संपला तो २४ ऑगस्टला, नेमकी गणेश चतुर्थी. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत ६ गडी टिपून इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं होतं. आरती उरकून वाड्यातले सगळे आमच्या रेडिओभोवती. अबिद अलीने चौकार मारला, वाडेकरांचा संघ जिंकला, आणि इंग्लंडमधली पहिली मालिका आपली झाली. आजोबा रडले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. मग कळलं की त्या दिवशी तिथल्या आपल्या लोकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती, चतुर्थी म्हणून. मी नऊ वर्षांची होते. क्रिकेटच्या हिरवळीवर जिथे हत्तीण फिरते ते गाव आपण बघायचंच, असं मी तेव्हा मनात धरलं.

पुढे एफसी रोडवरची ब्रिटिश कौन्सिलची लायब्ररी आली. आजोबांनी पेन्शनीतून माझी वर्गणी भरली. तिथल्या मासिकांतले बागांचे, जुन्या रस्त्यांचे, पावसात छत्र्या घेऊन रांगेत उभ्या माणसांचे फोटो मी तासन्‌तास बघायची. रांग मोडायची नाही, खालच्या आवाजात बोलायचं, अनोळखी माणसालाही थँक यू म्हणायचं, हे मला त्या वयात फार भावलं आणि आजही भावतं. त्यांनी आपल्याला लुटलं हे मी विसरलेले नाही, पण हेही खरं आहे. तुला तिकडे नोकरी लागली तेव्हा सगळ्या सोसायटीत पेढे वाटले ते पगारासाठी वाटले नव्हते.

आम्ही आलो होतो तेव्हाची २४ नंबरची बस आठवते? वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची सीट. कॅम्डनहून टॉटनहॅम कोर्ट रोड, मग चेरिंग क्रॉस रोडवरची पुस्तकांची दुकानं, ट्रॅफल्गर चौक, पार्लमेंट. एका तिकिटात निम्मं शहर. झाडांच्या फांद्या काचेवर घासायच्या आणि बाबा दर वेळी मान खाली घालायचे. क्वीन्स क्रेसेंटच्या बाजारातला तो भाजीवाला मला, तिकडे सगळ्यांनाच म्हणतात तसं, "लव्ह" म्हणाला, तर बाबा दिवसभर गप्प. तू हसून हसून रस्त्यातच बसलीस. ते हसू मला रविवारी दिसलं नाही.

परत तेच. राहू दे.

किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर तुझ्यापासून चालत जाण्यासारखं आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. २०१५ मध्ये आपल्या सरकारने ते विकत घेतलं. बाबा दारातच चपला काढायला लागले होते.

पण मला सगळ्यांत जवळचं वाटलं ते केनवुड हाउस. हॅम्पस्टेड हीथच्या मोकळ्या माळावरून चढत चढत जायचं, आणि माथ्यावर ते पांढरं घर. गिनेस बिअरवाल्या लॉर्ड आयव्ही यांनी १९२७ मध्ये मरताना घर आणि चित्रं देशाला देऊन टाकली, म्हणून आजही कोणीही फुकट आत जाऊ शकतं. आतमध्ये रेम्ब्राँटने म्हातारपणी काढलेलं स्वतःचं चित्र आहे. डोक्याला पांढरी टोपी, हातात रंगांची पाटी, मागे दोन अर्धवट वर्तुळं. हात तर नीट काढलेलेच नाहीत. पण चेहरा! मी त्याच्यासमोर बसून राहिले आणि तू खाली जाऊन केक खाल्लास. तिथली कामावरची एक बाई माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाली, "मीही रोज थोडा वेळ बघते." आम्हा दोघींना एकमेकींची नावंही माहीत नव्हती, पण ते दोन मिनिटं बोलणं मला अजून पुरतंय. असं बोलणं खोलीत बसून मिळत नाही, मनू. त्यासाठी कोट घालून बाहेर पडावं लागतं.

तू म्हणशील थंडी आहे, अंधार आहे. १९३९ मध्ये लढाई सुरू झाली तेव्हा नॅशनल गॅलरीतली चित्रं हलवली, पुढे ती वेल्समधल्या एका खाणीत ठेवली. भिंती रिकाम्या. तेव्हा मायरा हेस नावाच्या पियानो वाजवणाऱ्या बाईंनी तिथे दुपारच्या मैफली सुरू केल्या. सोमवार ते शुक्रवार, तिकीट एक शिलिंग. ऑफिसातल्या मुली, सैनिक, नर्सा डबा घेऊन यायच्या, जागा नसली तर जमिनीवर बसायच्या. बॉम्ब पडायला लागले तर मैफल तळघरात. १९४६ पर्यंत हे चाललं. पुढे तर महिन्याला एकच चित्र लंडनला आणून मांडायचे आणि लोक त्या एका चित्रासाठी यायचे. रात्री दिवे लावायची बंदी, घरं पडताहेत, आणि ही माणसं दुपारी एक वाजता अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून मोझार्ट ऐकताहेत. मी हे वाचलं तेव्हा मला तुझं शहर कळलं असं वाटलं.

मग तुला काय झालंय गं? तिथेच हीथच्या तळ्यावर बायका भर हिवाळ्यात पोहतात, १९२५ पासून ते तळं बायकांसाठी राखलेलं आहे. तू पोहू नकोस, नुसती जाऊन बघ. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. तुला ते आवडत नाही, ठीक, पण एकदा तरी जा. ऑफिसातल्या त्या वेल्सच्या मुलीला चहाला बोलाव. दिवसातून एका माणसाशी तरी समोरासमोर बोल. एकटं राहणं वेगळं आणि घरात कोंडून घेणं वेगळं. तुझ्या वयाला मी...

नको. लिहिताना माझा आवाज चढला, माफ कर. तू एकटीने तिकडे घर लावलंस, भाडं भरतेस, आजारी पडलीस तरी स्वतःच डॉक्टरकडे गेलीस, आम्हाला रिपोर्ट आल्यावर सांगितलंस. बाबा शेजाऱ्यांना हे अभिमानाने सांगतात. मीही सांगते. फक्त रात्री मला तो पडदा दिसतो.

शनिवारी मी फोन करणार नाही. तू बाहेर असशील असं धरून चालते. रविवारी तू कर.

तुझी,
आई

ता.क. भाजणी आणि मेतकूट मावशीच्या ओळखीतल्या मुलाबरोबर पाठवतेय. तो वेम्बलीला राहतो. पोस्टाने पाठव म्हणून त्याला सांगू नकोस, स्वतः जाऊन घे. त्याची आई सध्या तिथेच आहे, जेवायला थांब म्हणाली तर थांब.