पृष्ठभागाची नोंद नसलेला रस्ता डांबरी दाखविल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मार्ग आखणीच्या अ‍ॅपमधील पृष्ठभाग आणि चढाच्या माहितीबाबत, बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्यासाठी

महोदय / महोदया,

मी चार वर्षांपासून आपल्या सायकल-मार्ग अ‍ॅपची वर्गणीदार आहे. गेल्या महिन्यातली माझी तक्रार आपण ‘नकाशाची माहिती आमची नाही’ एवढ्या एका ओळीवर बंद केली. ते उत्तर मला मान्य नाही.

धाकट्या भावाची ती पहिलीच लांबची राइड होती, म्हणून 92 किलोमीटरचा मार्ग मी दोन संध्याकाळी बसून आखला. अवजड वाहनांचा रस्ता टाळला, ‘रोड बाइक’ हा पर्याय निवडला. आपल्या सारांशात लिहून आले : डांबरी 100 टक्के. प्रत्यक्षात 54व्या किलोमीटरला डांबर संपले आणि पुढचे 11 किलोमीटर नुसती सुटी खडी. आमचे टायर डांबरी रस्त्यासाठीचे, अरुंद, 28 मिलिमीटरचे. भावाची सायकल दोनदा पंक्चर झाली, जवळच्या ट्यूब संपल्या आणि उरलेली वाट आम्ही सायकली ढकलत काढली. डांबर लागेपर्यंत अंधार पडला होता. तो दमला होता, घाबरलाही होता, आणि त्याला तिथे नेणारी मी होते.

घरी येऊन मी मूळ नोंद पाहिली. आपला नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी भरलेल्या खुल्या नकाशावर आधारलेला आहे. तसे श्रेय आपण नकाशाच्या कोपऱ्यात देता. तिथे रस्त्याचा पृष्ठभाग सांगणारा ‘सरफेस’ हा टॅग असतो. या रस्त्याला तो लावलेलाच नव्हता. नकाशाने काही चुकीचे सांगितले नव्हते, तो गप्प होता. रस्त्याच्या वर्गावरून ‘डांबरी असेल’ हे अनुमान आपल्या प्रणालीने काढले आणि ते खात्रीच्या माहितीसारखे माझ्यापुढे ठेवले. स्वयंसेवकांनी भरलेल्या नकाशात रिकाम्या जागा राहणारच, तिथे अंदाज करावा लागणार, हे मला समजते. पण अंदाज आणि नोंद एकाच रंगाच्या रेघेत दाखविणे ही आपली निवड आहे. तिची जबाबदारी नकाशा भरणाऱ्यांवर ढकलू नये.

चढाचेही तेच. आपल्या मदत-पानानुसार उंचीचे आकडे फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून झालेल्या रडार-मोजणीतले, साधारण दर 30 मीटरला एक असे आहेत. डोंगराच्या कुशीत कोरलेल्या रस्त्यापासून 30 मीटर सरकले की कधी वरचा कडा लागतो, कधी खालची दरी. त्यामुळे आलेख करवतीसारखा दातेरी होतो. तो आपण गुळगुळीत करता आणि त्याबरोबर खरा खडा चढही पुसला जातो. (बोगद्यावर हाच आलेख डोंगरमाथ्यावरून जातो, पण ती चूक निदान पाहताक्षणी ओळखू येते.) आपण 6 टक्के दाखविलेल्या चढावर माझ्या सायकल-कॉम्प्युटरमधल्या, हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या दाबमापकाने सलग 300 मीटर 13 टक्के नोंदवले. शंभर मीटरमागे 6 मीटर चढायचे की 13, यावर गिअर, पाणी, वेळ सगळे ठरते. खरा आकडा दिसला असता तर नवख्या मुलासाठी मी ती वाट घेतलीच नसती.

आता मी उपग्रह चित्रे, रस्त्यावरून काढलेले फोटो आणि इतर सायकलस्वारांच्या वर्दळीचा नकाशा ताडून पाहिल्याशिवाय निघत नाही. पण कुठे ताडून पाहायचे, हे तरी आपल्या अ‍ॅपने सांगायला हवे.

माझी मागणी अशी : पृष्ठभागाची नोंद नसलेला रस्ता वेगळ्या, तुटक रेघेने दाखवा आणि सारांशात ‘माहिती नाही : 11 किलोमीटर’ असे स्पष्ट लिहा. चढाच्या आलेखाखाली तो सरासरी काढून गुळगुळीत केलेला आहे, हे नमूद करा. वर्गणी परत नको.

त्या रस्त्यावर खडी असल्याची नोंद मी दुसऱ्याच दिवशी ओपनस्ट्रीटमॅपवर स्वतः केली. त्याला पाच आठवडे झाले. आपल्या अ‍ॅपमध्ये तो आजही डांबरीच आहे. आपल्याकडची त्या नकाशाची प्रत किती दिवसांनी ताजी होते, हे उत्तरात कळवावे. राइडच्या मार्गाची नोंद असलेली जीपीएक्स फाइल आणि त्या 11 किलोमीटरची चार छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली,
एक वर्गणीदार