अत्र्यांची नक्कल पुरे, आता वाचन हवे

संपादक महोदय,

१३ ऑगस्टला आचार्य अत्र्यांची जयंती असते. त्यानिमित्त आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले होते. बहुतेक मुलांनी कमरेवर हात ठेवून, घसा ताणून अत्र्यांचं लाडकं पालुपद 'गेल्या दहा हजार वर्षांत' म्हटलं आणि मग अत्र्यांनी विरोधकांना लावलेली शेलकी विशेषणं धडाधड म्हणून दाखवली. पालक टाळ्या वाजवत होते. मला फार वाईट वाटलं. यात मुलांचा काय दोष? मोठ्यांनीच अत्र्यांकडून तेवढं उचललंय.

अत्रे हाडाचे शिक्षक. पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, १९२८ मध्ये लंडनहून टी.डी. ही शिक्षकांची पदविका करून आले आणि मुलांना आवडतील असे धडे हवेत म्हणून 'नवयुग वाचनमाला' काढली. त्यातलं 'दिनूचे बिल' मी तिसरीच्या वर्गात वाचून दाखवायची. दिनू आईला आपल्या कामांचं बिल लावतो, मग आई त्याला तिचं बिल देते. दुखण्यात तुझी सेवा केली, त्याचे किती? मी पुढचा शब्द उच्चारायच्या आत अख्खा वर्ग ओरडायचा, "काही नाही!" एखादं पोर मात्र गप्प होऊन पुस्तकात बघत राहायचं.

'झेंडूची फुले' या त्यांच्या विडंबन कवितांच्या संग्रहात रविकिरण मंडळातल्या कवींची यथेच्छ टिंगल आहे, पण वृत्त कुठे ढळत नाही. ज्याची थट्टा करायची त्याची कविता आधी मुरवलेली असल्याशिवाय हे जमत नाही. आणि नेहरू! संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपल्या 'मराठा' दैनिकातून अत्र्यांनी त्यांना सोलून काढलं. २७ मे १९६४ला नेहरू गेले, तेव्हा त्याच 'मराठा'त त्यांच्यावर एकामागून एक मृत्युलेख लिहिले. 'सूर्यास्त' हे पुस्तक त्याच लेखांचं. भांडलेल्या माणसाचं मोठेपण असं भरभरून सांगणारा वक्ता आज मला तरी दिसत नाही. अत्र्यांचंही थोडं चुकलं, हे म्हणायला हवं. जिव्हारी लागणाऱ्या शब्दाला टाळ्या जास्त पडत आणि तो मोह त्यांनी आवरला नाही.

स्पर्धा भरवणाऱ्या शाळांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या वर्षी मोठ्या गटाला 'सूर्यास्त'मधला एखादा लेख आणि लहानांना 'दिनूचे बिल' वाचायला द्या. शाळेत पुस्तकं नसतील तर माझ्याकडच्या प्रती द्यायला मी तयार आहे.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सासवड